दुसरा अणुबॉम्ब तीनच दिवसांनी का पडला?

चौकस

हिरोशिमावर बॉम्ब पडला 6 ऑगस्ट 1945 रोजी आणि नागासाकीवर 9 ऑगस्टला. मधल्या तीन दिवसांबद्दल मराठीत बहुधा एकच गोष्ट वाचायला मिळते: अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन जपानच्या उत्तराची वाट पाहत होते, उत्तर आले नाही, मग त्यांनी दुसऱ्या बॉम्बचा हुकूम दिला. असा दुसरा हुकूम निघालाच नव्हता.

लेखी आदेश एकच आहे, 25 जुलै 1945 चा. सेनाप्रमुख मार्शल तेव्हा पॉट्सडॅमला होते, म्हणून त्यांच्या जागी काम पाहणाऱ्या जनरल थॉमस हँडी यांच्या सहीने तो पॅसिफिकमधल्या बॉम्बफेकी विमानदलाचे प्रमुख जनरल कार्ल स्पाट्झ यांच्याकडे गेला. त्याचा आशय असा: 3 ऑगस्टच्या सुमारास, लक्ष्य डोळ्यांनी दिसेल असे हवामान मिळताच पहिला बॉम्ब टाका. हिरोशिमा, कोकुरा, निइगाता आणि नागासाकी यांपैकी एक शहर निवडा. पुढचे बॉम्ब प्रकल्पाकडून (अणुबॉम्ब बनवणाऱ्या अमेरिकेच्या गुप्त मॅनहॅटन प्रकल्पाकडून) तयार होऊन येतील तसे याच यादीवर टाका. किती बॉम्ब, किती दिवसांच्या अंतराने, मध्ये थांबून जपानचे म्हणणे ऐकायचे की नाही, यातले काहीच त्यात नाही.

म्हणजे तारीख दोन गोष्टींवर ठरणार होती: माल कधी तयार होतो आणि आकाश कधी मोकळे मिळते. दुसरा बॉम्ब आधी 11 ऑगस्टला ठरला होता. 10 तारखेपासून हवामान बिघडणार असा अंदाज आला, तेव्हा पॅसिफिकमधल्या टिनियन बेटावरच्या, म्हणजे बॉम्ब नेणाऱ्या विमानांच्या तळावरच्या लोकांनी जुळणीचे काम दोन दिवस अलीकडे ओढले. नागासाकीची तारीख अशी ठरली, हवामानाच्या नकाशावर.

हा इतिहास आपल्याकडे ओपेनहायमर आणि गीतेतला श्लोक यांच्यापाशी येऊन थांबतो. पण खर्चाचे आकडे पाहा. 1945 अखेरपर्यंत प्रकल्पावर सुमारे 1.9 अब्ज डॉलर खर्च झाले. त्यातले जवळपास 63 टक्के टेनेसीतल्या ओक रिजवर, 21 टक्के वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डवर, आणि ओपेनहायमर यांच्या लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेवर जेमतेम 4 टक्के. पैसा, माणसे आणि वेळ कारखान्यांत गेला. त्या कारखान्यांत काय अडले आणि कसे सुटले हे कळल्याशिवाय ऑगस्टच्या तारखा कळत नाहीत. जाणकारांनी आपापल्या विषयातले लिहावे, म्हणून हा धागा काढला.

---

चुंबक

ओक रिजच्या वाय-12 या युरेनियम वेगळे करणाऱ्या कारखान्याबद्दल लिहितो.

निसर्गातल्या युरेनियममध्ये कामाचा समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा वेगळ्या वजनाचा अणू), म्हणजे युरेनियम-235, फक्त 0.7 टक्के. बाकी जवळजवळ सगळे 238. रासायनिकदृष्ट्या दोन्ही सारखेच, त्यामुळे रसायनाने वेगळे होत नाहीत. वजनात मात्र एक टक्क्याहून किंचित जास्त फरक आहे. भौतिकशास्त्रज्ञ अर्नेस्ट लॉरेन्स यांच्या पद्धतीत युरेनियमचे विद्युतभारित अणू निर्वात टाकीत, प्रबळ चुंबकीय क्षेत्रातून सोडले जात. हलका अणू थोडा जास्त वळतो, जड थोडा कमी, आणि अर्धवर्तुळ पूर्ण होईपर्यंत दोघांत थोडेसे अंतर पडते. तत्त्व शाळेच्या पुस्तकात मावेल इतके सोपे आहे. अडचण होती ती आकाराची.

एवढाल्या चुंबकांच्या गुंडाळ्यांना तांबे हवे, आणि तांबे तर तोफगोळ्यांना लागत होते. म्हणून चांदी. ऑगस्ट 1942 मध्ये कर्नल केनेथ निकोल्स अमेरिकी कोषागाराकडे हजारो टन चांदी मागायला गेले, तेव्हा उपसचिव डॅनियल बेल यांनी त्यांना ऐकवले की इथे चांदी टनांत मोजत नाहीत, औंसांत मोजतात. शेवटी वेस्ट पॉइंटच्या साठ्यातून 13,000 टनांहून अधिक चांदी उसनी आली. तिच्या विटा वितळवून न्यू जर्सीत पट्ट्या काढल्या आणि मिलवॉकीच्या अॅलिस-चाल्मर्स कंपनीत त्या गुंडाळल्या.

आता काय बिघडले ते. 1943 च्या शरदात पहिली रांग सुरू करायला गेले तर दोन गोष्टी लगेच पुढे आल्या. चुंबकांची ओढ इतकी जबर होती की सुमारे 14 टनांच्या निर्वात टाक्या जागच्या सरकल्या आणि त्यांना जोडलेल्या नळ्यांवर ताण आला. टाक्या जमिनीशी पक्क्या बांधून ते सुटले. दुसरा दोष जास्त गंभीर होता. गुंडाळ्या आतल्या आत शॉर्ट होऊ लागल्या. प्रकल्पाचे लष्करी प्रमुख जनरल ग्रोव्ह्ज यांनी एक चुंबक फोडून पाहायला सांगितले. आत थंडाव्यासाठी फिरणाऱ्या तेलात ओल, गंज आणि घाण सापडली, आणि चांदीच्या पट्ट्यांतली अंतरेही फार कमी ठेवली होती. जागेवर दुरुस्ती शक्यच नव्हती. डिसेंबर 1943 मध्ये सगळे चुंबक उतरवून साफसफाईसाठी मिलवॉकीला परत पाठवले. युद्धाच्या ऐन मध्यावर झालेला हा उशीर पुढच्या सगळ्या वेळापत्रकात जाणवतो.

तिसरा दोष शेवटपर्यंत गेला नाही. टाकीत घातलेल्या युरेनियमपैकी अंतिम उत्पादनापर्यंत 5,825 भागांत एक भाग पोचला. बाकीचे टाकीच्या भिंतींवर आणि सुट्या भागांवर उडून बसायचे. ते खरवडून, धुऊन परत मिळवायला स्वतंत्र रसायन विभाग राबत होता.

---

टाकळी_नाका

@चुंबक, दोन प्रश्न. चांदी परत दिली का? आणि ही यंत्रे चालवायला एवढे प्रशिक्षित लोक युद्धकाळात कुठून आणले?

---

चुंबक

चांदी दिली. युद्धानंतर यंत्रे सुटी करून घासली आणि खालच्या लाकडी फळ्या उखडून जाळल्या, राखेतली चांदीही काढून घेता यावी म्हणून. शेवटचा भाग 1970 मध्ये कोषागारात परत गेला. घट नगण्य होती.

चालवणाऱ्या बहुतेक आसपासच्या गावांतल्या, नुकत्याच शाळा संपवलेल्या मुली होत्या. त्यांना काम टेनेसी ईस्टमन कंपनीने शिकवले. समोर तबकड्या आणि मुठी. काटा अमुक खुणेच्या पुढे गेला की मूठ इतकी फिरवायची, एवढेच सांगितलेले. आपण काय वेगळे करतो आहोत हे त्यांना ठाऊक नव्हते. लॉरेन्स यांचा यावर विश्वास बसेना. मग त्यांचे डॉक्टरेट झालेले शास्त्रज्ञ आणि या मुली यांच्यात उत्पादनाची शर्यत लागली. मुली जिंकल्या. शास्त्रज्ञ प्रत्येक काटा का हलला ते शोधत बसत आणि त्या शोधात अणूंचा झोत बिघडवत. मुली काटा जागेवर आणून पुढे जात.

एक भर घालतो. 1944 च्या मध्यापर्यंत स्पष्ट झाले होते की एकट्या वाय-12 वर भागणार नाही. वायुविसरणाचा के-25 कारखाना रखडला होता, कारण अतिसूक्ष्म छिद्रांची गाळणी टिकेना. त्यातून जाणारा युरेनियम हेक्साफ्लोराइड वायू धातूला भयंकर खातो. तेव्हा फिलिप अॅबल्सन यांनी नौदलासाठी तपासलेली उष्णतेवरची पद्धत ओपेनहायमर यांनी सुचवली. एस-50 नावाचा तो कारखाना काही महिन्यांत उभा राहिला, 48 फूट उंचीचे 2,142 स्तंभ. त्यातून 0.7 चे जेमतेम 0.85 टक्के व्हायचे, तेवढेच. पण पुढच्या कारखान्यांना कच्चा माल जरा सरस मिळाला की शेवटचे उत्पादन वाढते. या पद्धती आधी एकमेकींच्या स्पर्धक मानल्या जात. तिन्ही कारखाने एकापाठोपाठ एक जोडले, तेव्हा 1945 च्या उन्हाळ्यात हिरोशिमाच्या बॉम्बपुरते युरेनियम जमले. एका बॉम्बपुरतेच, हे लक्षात ठेवा. त्या प्रकारचा दुसरा बॉम्ब ऑगस्टमध्ये होणे नव्हते.

---

पारिजातक

चुंबक यांचे शेवटचे वाक्य महत्त्वाचे. युरेनियमचा दुसरा बॉम्ब नव्हता, म्हणजे तीन दिवसांत दुसरा आला तो वेगळ्या वाटेने, हॅनफर्डच्या प्लुटोनियमवरून, जे अणुभट्टीत युरेनियमपासून बनते. त्या वाटेवर एक रात्र अशी गेली की सगळाच हिशेब संपला असता.

हॅनफर्डची जागा कोलंबिया नदीकाठची. कंत्राटदार ड्यूपाँट, आणि नफा ठरला होता एक डॉलर, कारण पहिल्या महायुद्धानंतर चिकटलेला युद्धखोर व्यापाऱ्याचा शिक्का त्यांना पुन्हा नको होता. बी अणुभट्टी म्हणजे सुमारे 1,200 टन ग्रॅफाइटचा ठोकळा. त्यात आडव्या अॅल्युमिनियमच्या नळ्या, नळ्यांत डबाबंद युरेनियमचे तुकडे आणि त्यांच्या भोवतीने नदीचे पाणी. क्षमता 250 मेगावॅट, तीही फक्त उष्णतेची. वीज काढायची नव्हतीच, गरम पाणी थोडा वेळ हौदात थांबवून परत नदीत सोडत.

डबाबंद करणे वाचायला किरकोळ वाटते, पण 1944 च्या उन्हाळ्यापर्यंत ते जमेना. अॅल्युमिनियमच्या डब्याला टाचणीएवढे भोक राहिले तरी पाणी आत शिरते, युरेनियम फुगते, तुकडा नळीत अडकतो, त्या नळीचे पाणी बंद होते आणि ती तापते. एका खराब डब्यासाठी अख्खी भट्टी थांबवावी लागली असती.

आता मुख्य गोष्ट. 26 सप्टेंबर 1944 च्या रात्री भट्टी सुरू झाली. मध्यरात्र उलटल्यावर शक्ती 9 मेगावॅटपर्यंत गेली, जगात त्याआधी कुठलीच भट्टी एवढी चालली नव्हती. काही तास ठीक चालले. मग शक्ती आपोआप उतरू लागली. नियंत्रक कांड्या आणखी बाहेर काढल्या की सावरायची, पुन्हा उतरायची. अखेर कांड्या पूर्ण बाहेर आणि भट्टी बंद. पाणी गळते का, ग्रॅफाइटमध्ये ओल गेली का, सगळे तपासले, काही सापडले नाही. दुसऱ्या दिवशी भट्टी आपसूक पुन्हा चालायला लागली आणि चढून परत उतरली.

हे चढ-उताराचे वेळापत्रकच निदानाचा धागा ठरले. भौतिकशास्त्रज्ञ जॉन व्हीलर तिथेच होते आणि विखंडनातून, म्हणजे अणू फुटण्यातून, निघणारा एखादा पदार्थ न्यूट्रॉन गिळेल ही शक्यता त्यांनी आधीच विचारात घेतली होती. साखळी अशी: विखंडनातून आयोडीन-135 निघते, त्याचे अर्धायुष्य (निम्मे उरायला लागणारा वेळ) 6.6 तास. त्याचे होते झेनॉन-135, अर्धायुष्य सुमारे 9.1 तास. हे झेनॉन न्यूट्रॉनचे अत्यंत भुकेले आहे. म्हणून भट्टी सुरू होताना काही जाणवत नाही, आयोडीनचे झेनॉन व्हायला तास लागतात. झेनॉन साठले की भट्टी बंद. बंद भट्टीत ते विरत गेले की भट्टी पुन्हा जिवंत. भौतिकशास्त्रज्ञ चीन-श्युंग वू यांच्या मोजमापांनीही याला दुजोरा मिळाला.

मग हे शिकागोच्या पहिल्या भट्टीत किंवा ओक रिजच्या एक्स-10 या प्रायोगिक भट्टीत का दिसले नाही? कारण झेनॉनचा साठा न्यूट्रॉनच्या दाटीवर ठरतो. शिकागोची भट्टी काहीशे वॅटच्या आत चालली, एक्स-10 मोजक्या मेगावॅटवर. तिथे झेनॉन होते, पण इतके थोडे की कोणाच्या नजरेत आले नाही.

आणि उपाय? शिकागोच्या शास्त्रज्ञांनी 1,500 नळ्यांचा गोल आराखडा दिला होता. ड्यूपाँटचे अभियंते, विशेषतः जॉर्ज ग्रेव्ह्ज, यांनी कोपरे भरून आणखी 504 नळ्या घातल्या होत्या, एकूण 2,004. त्यांना झेनॉन ठाऊक नव्हते. रासायनिक कारखाने उभारताना गणितावर थोडी गंगाजळी ठेवायची ही त्यांची रीत होती. शास्त्रज्ञांना तो वेळेचा आणि पैशाचा अपव्यय वाटला होता. त्याच जादा नळ्या भरल्यावर झेनॉनचा घास पुरवूनही भट्टी चालती राहिली. भोके नसती तर ठोकळा पुन्हा रचावा लागला असता आणि तीनही भट्ट्या त्याच आराखड्यावर होत्या. डी भट्टी 17 डिसेंबर 1944 ला सुरू झाली, एफ फेब्रुवारीत. लॉस अलामोसला जाणारा पहिला हप्ता 5 फेब्रुवारी 1945 ला निघाला, सुमारे 80 ग्रॅम.

हाच झेनॉन आजही प्रत्येक भट्टीवर हजर असतो. तारापूरच्या 3 आणि 4 क्रमांकांच्या जड पाण्याच्या भट्ट्या एकदा थांबल्या आणि थोडक्या वेळात परत उचलल्या नाहीत, तर झेनॉन विरेपर्यंत दीड दिवसाच्या आसपास थांबावेच लागते. चालवणाऱ्यांच्या प्रशिक्षणातला तो पक्का धडा आहे.

---

टाकळी_नाका

फार छान. म्हणजे नळ्या 1,500 असत्या तर ऑगस्टमध्ये नागासाकीचा बॉम्ब झाला नसता?

---

पारिजातक

कमी शक्तीवर थोडे थोडे प्लुटोनियम निघत राहिले असते, पण त्या तारखांना नाही. किती महिने लागले असते यावर पैज लावणार नाही.

एक लहानशी पण खरी गोष्ट. 10 मार्च 1945 रोजी जपानने सोडलेला एक फुगाबॉम्ब हॅनफर्डला वीज नेणाऱ्या तारांवर येऊन पडला. वीज क्षणभर गेली, संरक्षक यंत्रणेने भट्ट्या बंद केल्या. पुन्हा पूर्ण शक्तीवर यायला सुमारे तीन दिवस गेले, आणि त्याचे एक कारण हाच झेनॉन. पॅसिफिक पार करून वाऱ्यावर आलेल्या कागदी फुग्याने नागासाकीच्या प्लुटोनियमचा कारखाना थांबवला होता, आणि पाठवणाऱ्यांना तेव्हा ते कळले नाही.

---

रानजाई

तांत्रिक माहिती उत्तम आहे, पण मूळ मांडणीला माझा विरोध आहे. माल तयार झाला, हवामान मोकळे झाले, बॉम्ब पडला, असे लिहिले की माणसे गळून पडतात. कारखाना निर्णय घेत नाही. 25 जुलैचा आदेश कोणीतरी लिहिला, कोणीतरी मान्य केला. क्योटो यादीतून काढले ते युद्धमंत्री स्टिमसन यांनी, ग्रोव्ह्ज यांच्या मनाविरुद्ध. म्हणजे नको म्हणता येत होते.

---

चौकस

@रानजाई, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि क्योटोचे उदाहरण अगदी नेमके. मी जबाबदारी कारखान्यावर ढकलत नाही. मला म्हणायचे आहे ते असे: निर्णय एकदाच झाला, आणि तो असा लिहिला गेला की पुढच्या प्रत्येक बॉम्बसाठी कोणाला पुन्हा विचार करावा लागू नये. थांबवायचे असेल तर मुद्दाम हुकूम काढावा लागणार होता, चालू ठेवायला काहीच लागत नव्हते.

असा हुकूम 10 ऑगस्टला निघाला. त्या दिवशी ग्रोव्ह्ज यांनी मार्शल यांना कळवले की पुढचा बॉम्ब 17 किंवा 18 ऑगस्टनंतरच्या पहिल्या चांगल्या हवामानात टाकता येईल. मार्शल यांनी त्याच कागदाच्या तळाशी हाताने लिहिले की राष्ट्राध्यक्षांच्या स्पष्ट परवानगीशिवाय तो जपानवर टाकायचा नाही. वाणिज्यमंत्री हेन्री वॉलेस यांच्या त्याच दिवशीच्या नोंदीत आहे की आणखी एक लाख माणसे मारण्याचा विचार ट्रुमन यांना असह्य झाला होता, विशेषतः लहान मुलांचा. हा कागद दोन-तीन दिवस आधी निघू शकत होता. तो निघाला नाही याचे उत्तर हवामानाच्या नकाशात नाही, इथे मी तुमच्याशी पूर्ण सहमत.

टोकियोत काय चालले होते तेही पाहा. सोव्हिएत संघाने 8 तारखेला उशिरा युद्ध जाहीर केले आणि 9 ला पहाटेपूर्वीच मांचुरियात सैन्य घुसवले. 9 च्या सकाळी सर्वोच्च युद्धमंडळाची बैठक चालू असताना नागासाकीची बातमी आत आली. बैठक तीन विरुद्ध तीन अशी अडली होती, ती बातमीनंतरही तशीच राहिली. तीन दिवसांत हिरोशिमाचे नेमके काय झाले याचा शास्त्रीय अहवालसुद्धा टोकियोला धड पोचला नव्हता. जपानी अणुशास्त्रज्ञ निशिना हिरोशिमाला पोचले तेच 8 तारखेला.

---

वायुवेग

9 ऑगस्टच्या उड्डाणाबद्दल. सगळ्या मोहिमेत एकही गोष्ट ठरल्याप्रमाणे झाली नाही, तरी बॉम्ब पडला.

आधी विमान. अणुबॉम्ब टाकायला तयार केलेल्या 509 व्या गटाची बी-29 विमाने सर्वसाधारण नव्हती. शेपटीतल्या तोफा सोडून बाकी तोफा आणि चिलखत काढलेले. इंधन अंतःक्षेपणाची इंजिने, धावपट्टीवर उलट रेटा देऊ शकणारे पंखे, हवेच्या दाबावर झटक्यात उघडमीट होणारे बॉम्बकक्षाचे दरवाजे. दुसऱ्या बॉम्बचे वजन सुमारे 4,670 किलो. एवढे धूड विमानाच्या पोटाखाली सरकत नव्हते, म्हणून टिनियनवर जमिनीत खड्डा खणून बॉम्ब त्यात उतरवायचा, वर विमान आणून उभे करायचे आणि जलदाबाच्या जॅकने बॉम्ब वर उचलायचा. टाकल्यावर सुटकेसाठी 155 अंशांचे तीव्र वळण आणि उतार. वैमानिकांनी 20 जुलैपासून त्याच आकाराचे साध्या स्फोटकांचे बॉम्ब जपानवर टाकून याचा सराव केला होता.

आता बॉम्ब नेणारे विमान, बॉक्सकार. उड्डाणाआधी ध्यानात आले की मागच्या राखीव टाकीचा पंप चालत नाही. त्यात 640 गॅलन इंधन, म्हणजे सुमारे 2,400 लिटर. ते वापरता येणार नाही आणि काढून टाकायला वेळ नाही, म्हणजे तेवढे वजन जाऊन येऊन वाहायचे. बॉम्ब दुसऱ्या विमानात हलवायला काही तास गेले असते आणि हवामान निसटले असते. तशाच अवस्थेत वैमानिक चार्ल्स स्वीनी यांनी पावणेचारच्या सुमारास उड्डाण केले. वाटेत वादळी हवा, म्हणून भेटीची जागा आधीच जास्त उंचीवर ठेवली होती. त्यात इंधन आणखी गेले.

याकुशिमा बेटावर तीन विमाने जमायची होती. छायाचित्रांचे विमान आलेच नाही, ते वेगळ्या उंचीवर घिरट्या घालत होते. गटाचे प्रमुख टिबेट्स यांनी 15 मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका असे सांगितले होते. स्वीनी अर्ध्या तासाहून अधिक थांबले. माझ्या मते पंपापेक्षा ही चूक मोठी. हवामान पाहणाऱ्या विमानाने पहिले लक्ष्य, कोकुरा, मोकळे असल्याचे कळवले होते, आणि ती वेळ या वाट पाहण्यात गेली.

कोकुरावर पोचले तेव्हा खाली धूसर. आदल्या दिवशी शेजारच्या यावातावर 200 हून अधिक बी-29 नी आगीचे बॉम्ब टाकले होते, त्याचा धूर शहरावर आला असे बहुतेक मानतात. यावाताच्या पोलाद कारखान्यात मुद्दाम डांबर जाळून धूर केला होता, असेही तिथल्या एका कामगाराने कित्येक दशकांनी सांगितले. आदेश स्पष्ट होता, रडारवर नाही, डोळ्यांना दिसले पाहिजे. तीन वेगवेगळ्या दिशांनी तीन फेऱ्या मारल्या, खालून विमानविरोधी तोफा सुरू झाल्या, लक्ष्य दिसले नाही.

नागासाकीला जाताना हिशेब असा होता की इंधन एकाच फेरीपुरते आहे. बॉम्बचे जबाबदार अधिकारी अॅशवर्थ यांनी गरज पडल्यास रडारवर टाकायला संमती दिली. शेवटच्या क्षणी बॉम्ब सोडणारे केर्मिट बीहन यांना ढगांत फट दिसली. 11 वाजून 2 मिनिटांनी, सुमारे 500 मीटर उंचीवर, उराकामी खोऱ्यावर स्फोट झाला. ठरवलेल्या बिंदूपासून जवळपास तीन किलोमीटर दूर. परतीला टिनियन गाठणे अशक्यच होते. ओकिनावाच्या योंतान तळावर उतरताना एक इंजिन इंधनाअभावी बंद पडले.

---

टाकळी_नाका

नागासाकीचा बॉम्ब मोठा होता ना? 21 किलोटन विरुद्ध हिरोशिमाचा 15. मग मृत्यू हिरोशिमात जास्त कसे?

---

निरगुडी

भूगोल. हिरोशिमा सपाट त्रिभुज प्रदेशावर वसले आहे, स्फोट शहराच्या मध्यावर झाला आणि त्यानंतर आगींची एकच प्रचंड वावटळ झाली. उराकामी हे डोंगरांनी वेढलेले अरुंद खोरे आहे. डोंगरापलीकडचे बंदर आणि जुने शहर धक्क्याच्या आणि उष्णतेच्या थेट वाटेत आले नाही. खोऱ्यात मात्र काही उरले नाही, कॅथीड्रल आणि वैद्यकीय महाविद्यालय दोन्ही तिथेच होते. 1945 अखेरपर्यंतचे मृत्यू हिरोशिमात सुमारे 1,40,000 आणि नागासाकीत सुमारे 74,000 धरले जातात. त्यांत कोरियातून कामाला आणलेले हजारो लोक होते, आणि पुढे कितीतरी वर्षे त्यांना मोजणीत आणि मदतीत जागा मिळाली नाही.

हिरोशिमात सायरनची गोष्टही कळायला हवी. सकाळी 7 नंतर हवामान पाहणारे विमान आले तेव्हा इशारा वाजला, ते गेल्यावर साडेसातच्या सुमारास धोका टळल्याचे जाहीर झाले. लोक बाहेर आले. शाळेतली मुले रस्ते रुंद करण्यासाठी घरे पाडायच्या कामावर उघड्यावर होती. 8 वाजून 15 मिनिटांनी फक्त तीन विमाने दिसली, तीन विमानांना कोणी हल्ला समजत नव्हते. 600 मीटरच्या आसपास उंचीवर, शिमा रुग्णालयाच्या जवळजवळ माथ्यावर स्फोट झाला. शहरातले 90 टक्क्यांहून अधिक डॉक्टर आणि परिचारिका मेल्या किंवा जखमी झाल्या, त्यामुळे पहिल्या दिवसांत उपचार म्हणजे तेल, पट्ट्या आणि पाणी.

विकिरणाचा आजार डॉक्टरांना आधी कळलाच नाही. पहिल्या दिवशी उलट्या, मग काही दिवस बरे वाटणे. दोन-तीन आठवड्यांनी केस गळणे, हिरड्यांतून रक्त, त्वचेवर जांभळे ठिपके, पांढऱ्या पेशी कोसळणे, आणि साध्या जंतुसंसर्गाने मृत्यू. भाजलेली खूणही अंगावर नसलेली माणसे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जात होती. याचे कारण असे की रक्ताच्या जुन्या पेशी आपापले आयुष्य संपेपर्यंत काम करतात, मज्जेतून नव्या येत नाहीत, आणि ही उणीव दिसायला तेवढाच वेळ लागतो.

हा अणुबॉम्बच आहे हे जपानी शास्त्रज्ञांनी कसे ठरवले ते मला विशेष वाटते. रेड क्रॉस रुग्णालयाच्या तळघरातल्या, न उघडलेल्या क्ष-किरण फिल्म काळ्या पडल्या होत्या. विजेच्या खांबांवरच्या चिनी मातीच्या विद्युतरोधकांत जोडणीसाठी गंधक वापरले जाई. वेगवान न्यूट्रॉनमुळे त्या गंधकात किरणोत्सारी फॉस्फरस-32 तयार झाला होता. शास्त्रज्ञांनी शहरभरातून ते विद्युतरोधक गोळा केले आणि कोणत्या अंतरावर किती न्यूट्रॉन पोचले याचा तक्ता मांडला. भिंतींवर, पुलांच्या कठड्यांवर उमटलेल्या सावल्यांच्या दिशा उलट्या वाढवून स्फोटाची जागा आणि उंची काढली. त्या ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या मोजमापांशिवाय पुढचे विकिरण-मात्रेचे कोष्टक झाले नसते. फॉस्फरस-32 चे अर्धायुष्य 14 दिवसांचे, उशीर केला असता तर पुरावाच विरला असता.

उशिरा येणाऱ्या आजारांत आधी रक्ताचा कर्करोग. साधारण दोन वर्षांनी वाढ दिसू लागली आणि सहा ते आठ वर्षांनी ती सर्वाधिक होती, मुलांमध्ये अधिक. इतर अवयवांचे कर्करोग दहा वर्षांनंतर आणि पुढे आयुष्यभर. हे कळते ते सुमारे 1,20,000 लोकांच्या पाठपुराव्यामुळे, आणि आज जगभर क्ष-किरण विभागात काम करणाऱ्यांसाठी जी मर्यादा ठरते तिचा मुख्य आधार हीच माणसे आहेत.

---

रानजाई

धन्यवाद निरगुडी, हे धाग्यात यायलाच हवे होते. एक शेवटचा प्रश्न चौकस आणि पारिजातक यांना. 17-18 ऑगस्टचा तो तिसरा बॉम्ब खरोखर होता का, की फक्त कागदावर?

---

पारिजातक

त्याचा प्लुटोनियमचा गोळा तयार झाला होता. लॉस अलामोसहून रवानगी होणार त्याच्या आत 10 ऑगस्टचा आदेश आला आणि तो तिथेच राहिला. पुढे सप्टेंबरमध्ये आणखी तीन बॉम्बचा अंदाज होता, म्हणजे हॅनफर्डची तीन भट्ट्यांची गती तोवर पुरती बसली होती. झेनॉनच्या त्या रात्रीनंतर एक वर्षही झाले नव्हते.

तेच प्लुटोनियम प्रयोगांसाठी वापरात आले. 21 ऑगस्ट 1945 रोजी हॅरी डॅग्लियन यांच्या हातून त्यावर एक जड वीट निसटून पडली, तिने न्यूट्रॉन परतवले आणि विखंडनाची साखळी क्षणभर भडकून प्राणघातक विकिरण निघाले. ते 15 सप्टेंबरला वारले. 21 मे 1946 रोजी त्याच गोळ्यावर काम करताना लुई स्लॉटिन यांच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर घसरला आणि तेच झाले. ते नऊ दिवस जगले. निरगुडींनी वर लिहिलेली लक्षणे या दोघांत रुग्णालयात दररोज नोंदली गेली. नंतर तो गोळा वितळवून त्यातले प्लुटोनियम इतर गोळ्यांत मिसळले.